हिक्ससाहेबांची बीअर

"सावलीच्या बाजूला टांगायचा, समजला? उन्हाच्या बाजूला टांगला तर पुन्हा माझ्या घरी पाय ठेवू नको," हिक्ससाहेब म्हणाले आणि बाटलीच्या गळ्याभोवती सुतळीची गाठ दातांनी आवळली.

सकाळचे साडेपाच वाजले होते. भुसावळचा मे महिना, त्यामुळे तेव्हाच कानशिलं तापायला लागली होती. साहेबांच्या मागच्या ओट्यावर मी गार्डाच्या पांढऱ्या ड्रेसमध्ये उभा होतो आणि माझ्यापुढे दोन बाटल्या होत्या. दोन्हींना कपड्याच्या ओल्या पिशव्या घातलेल्या. साहेबांनी आपल्या जुन्या युनिफॉर्मच्या पँटचे पाय कापून त्या शिवल्या होत्या. एका पिशवीला तर खिसासुद्धा तसाच होता.

"साहेब, ड्यूटीवर दारू सापडली तर नोकरी जाईल माझी," मी म्हटलं.

"तुला नोकरीचा काळजी आहे?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

खोटं कशाला बोलू, मला त्या दिवसांत कशाचीच काळजी नव्हती.

हिक्ससाहेब म्हणजे रिटायर्ड गार्ड. अँग्लो-इंडियन माणूस, सत्तरी ओलांडलेला. दोन्ही मुलं ऑस्ट्रेलियात, बायको भुसावळच्याच कबरस्तानात. मराठी चाळीस वर्षं बोलले, पण लिंगाचा घोळ शेवटपर्यंत सुटला नाही. रेल्वे कॉलनीच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि उन्हाळ्यात घरच्या घरी बीअर करायचे. बार्ली भाजायची, उकळायची, गूळ घालायचा, बेकरीतून यीस्ट आणायचं. कडूपणासाठी मुंबईहून कसली तरी वाळकी फुलं यायची. ती आली नाहीत की साहेब खुशाल काडेचिराईत टाकायचे. कॉलनीतली पोरं म्हणायची, हिक्सची बीअर प्याली की ताप उतरतो.

मी कधी थेंब घेतला नव्हता. आमच्या झांबऱ्यांच्या घरात विडीसुद्धा चालत नसे.

"आता नीट ऐक," साहेब म्हणाले. "बीअर जिवंत असतो. गरम झाला की आत गॅस वाढतो आणि बाटली फुटतो. दर वीस मिनिटांनी पाणी मारायचा. गाडी चालू असेल तर खिडकीबाहेर, वाऱ्यावर. गाडी उभी राहिली की आत घ्यायचा, ओल्या वाळूच्या बादलीत. दुपारनंतर सावली बाजू बदलतो, मग तूपण बाजू बदल."

"वीस मिनिटांनी? साहेब, मनमाडपर्यंत कधी आठ तास लागतात, कधी चौदा."

"मग चौदा तास पाणी मार. तुला व्हॅनमध्ये दुसरा काय काम असतो?"

त्यांनी बोट वर केलं. "आणि एक गोष्ट. सोळा गाळे आले की बाटल्या टांगून ठेवायचा नाय. त्या पुलावर डबा थरथरतो, बाटली बाटलीला आपटतो. एक बाटली ह्या हातात, एक त्या हातात. खाली बसून. उभा राहून नाय. प्रॉमिस?"

सोळा गाळे हे आम्हा लोकांनी एका पुलाला ठेवलेलं नाव. त्यांनी नेमकं तेच नाव काढलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण ते खाली वाकून दुसऱ्या बाटलीच्या बुचाची तार पिळत होते.

"प्रॉमिस," मी म्हटलं.

"मनमाडला गांगुर्डे गार्डला द्यायचा. रिटायर झाला तो, पण गार्ड लोकांच्या रनिंग रूममध्ये कोणालाही विचार, घर दाखवतील. थंड पोचला पाहिजे. आणि रिकाम्या बाटल्या परत आण. अशी जाड काच आता मिळत नाय. बाटल्या घेतल्याशिवाय परत येऊ नको."

कसली ही म्हाताऱ्याची हौस, असं मनात म्हणत मी दोन्ही बाटल्या उचलल्या. कपडा ओला होता आणि हाताला गार लागत होता.

*

मालगाडीचा गार्ड म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. चाळीस-पंचेचाळीस वाघिणींच्या, म्हणजे मालाच्या डब्यांच्या, शेवटी एक ब्रेकव्हॅन, गार्डाचा डबा. त्यात एक बाकडं, एक हँडब्रेक, आपली लोखंडी पेटी, झेंड्या आणि आपण. ड्रायव्हर अर्धा किलोमीटर पुढे. त्याच्याशी बोलायचं ते झेंडीने. पॅसेंजर गाडी आली की मालगाडीला लूपला टाकतात, म्हणजे बाजूच्या रुळावर उभी करतात, आणि ती तिथे किती तास उभी राहील हे परमेश्वरालाच ठाऊक. माणूस स्वतःशी बोलायला लागतो. मी तर तेही बंद केलं होतं.

चार महिन्यांपूर्वी, जानेवारीत, माझी बायको सिंधू पहिल्या बाळंतपणात गेली. पोरगाही गेला. त्या वेळी मी कुठे होतो? नेरपाड्याच्या लूपला. नऊ तास. भुसावळहून निरोप निघाला होता, तो एकेक स्टेशन करत माझ्यामागे येत होता आणि मी ब्रेकव्हॅनमध्ये पाय पसरून भाकरी खात होतो. नेरपाड्याचे स्टेशनमास्तर सोनवणे रुळांतल्या खडीवरून चालत चालत माझ्या डब्यापर्यंत आले तेव्हा सगळं उरकलं होतं. मी घरी पोचलो तेव्हा अंगण सारवलेलं होतं.

सगळे म्हणाले, मुरलीधर, देवाची मर्जी. सासू म्हणाली, "तुम्ही असते तर तिला धीर आला असता हो." ते शब्द काही जाईनात.

मग सोळा गाळे. नेरपाड्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी तो पूल लागतो. मार्चपासून मी तिथे दाराची साखळी काढून बाहेरच्या पायरीवर उभा राहायला लागलो होतो. खाली बघायचो. पहिल्या वेळी नुसतं वारं घ्यायला म्हणून. दुसऱ्या वेळी तसं नव्हतं. एवढंच सांगतो. आणि हिक्ससाहेबांनी बाटल्या दिल्या त्या मंगळवारी घरून निघताना मी शेजारच्या वहिनींकडे किल्ली दिली होती, तुळशीला पाणी घाला म्हणून. एरवी कधी देत नसे.

*

जळगाव जाईपर्यंत मी बाटल्यांवर दोनदा पाणी मारलं. कंटाळत मारलं. पाचोऱ्यापर्यंत मला त्याची लय लागली. घड्याळ बघायचं, छागलीतून वाटीभर पाणी घ्यायचं, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढायचं आणि दोन्ही पिशव्या वरून खाली भिजवायच्या. छागल म्हणजे आमची कॅनव्हासची पाण्याची पिशवी. ती बाहेर वाऱ्यावर टांगली की पाणी माठासारखं गार होतं. हिक्ससाहेबांनी तीच युक्ती बाटल्यांना लावली होती. वारा सुटला की कपडा झपाट्याने वाळायचा आणि हात लावला तर बाटली खरंच गार लागायची. मला त्याची गंमत वाटली. गंमत वाटली म्हणून मग स्वतःचाच रागही आला.

"काय रे, बरं आहे ना?" मी एकदा बाटलीला विचारलं. स्वतःच्याच आवाजाने दचकलो. घसा खरखरीत झाला होता.

अकराच्या सुमाराला गाडीचा वेग कमी झाला. मी मान बाहेर काढून पाहिलं. लूपचा सिग्नल. स्टेशन नेरपाडा.

गाडी उभी राहिली. वारा मेला. पत्र्याचा डबा तापायला लागला. मी बाटल्या आत घेतल्या, आग विझवायच्या वाळूच्या बादलीत खोचल्या आणि वाळू भिजवली. एक मेल गेली. मग एक एक्स्प्रेस गेली. एक वाजला. छागलीत तळाला पाणी राहिलं, जेमतेम एक पेला.

माझी जीभ टाळूला चिकटली होती. मी पेला भरला, तोंडाशी नेला. मग बादलीकडे लक्ष गेलं. वरची वाळू पांढरी पडली होती, पिशव्या कडक झाल्या होत्या. मी बाटलीला हात लावला. कोमट.

"तुझ्या आयला तुझ्या," मी म्हटलं आणि पेला पिशव्यांवर ओतला.

पण तेवढ्याने काय होतंय? पंधरा मिनिटांत पुन्हा सगळं कोरडं ठाक. पाणी होतं ते मास्तरच्या खोलीत, पंचेचाळीस वाघिणींच्या पलीकडे. जानेवारीपासून माझी गाडी इथे सात-आठ वेळा उभी राहिली असेल, पण मी एकदाही खाली उतरलो नव्हतो. सोनवणे मास्तर लांबून हात करायचे, मी झेंडी दाखवून तोंड फिरवायचो. त्या माणसाचं तोंड बघायचं नव्हतं मला.

मी पाच मिनिटं बसलो. बाटल्या फुटल्या तर फुटू देत, असं म्हणून पाहिलं. पण मग म्हाताऱ्याचे दात आठवले, सुतळी आवळणारे. आयुष्यात एका माणसाने आपल्यावर एक काम टाकलं, आणि तेही आपल्याच्याने होऊ नये? बाळंतिणीपाशी थांबायचं जमलं नाही, निदान पाणी मारायचं तरी जमावं. मी हँडब्रेक आवळला, छागल खांद्याला लावली आणि उतरलो.

खडीतून चालताना बुटांचे तळवे पोळत होते. वाघिणी संपता संपेनात. मास्तरच्या दारात पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

सोनवणे मास्तर टेबलावर वाकून रजिस्टर लिहीत होते. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, साधा माणूस. मला पाहून लेखणी त्यांच्या हातातच राहिली.

"झांबरे! या, या. बसा आधी."

"पाणी पाहिजे," मी म्हटलं.

त्यांनी माठातून तांब्या भरला. मी घटाघटा प्यालो. दुसरा भरला, तोही प्यालो. मग मी छागल पुढे केली.

"एवढ्या उन्हात कशाला आलात हो? पोर्टरला पाठवलं असतं."

"बाटल्या आहेत. हिक्ससाहेबांच्या. गार ठेवायच्यात."

बोलून गेलो आणि जीभ चावली. पण सोनवणे हसले. "त्यांची बीअर? गांगुर्डेमामांना?" त्यांनी कोपऱ्यातली बादली उचलली, अर्धा माठ तिच्यात रिकामा केला आणि टेबलाखालचं एक गोणपाट काढून त्यात बुडवलं. "हे घ्या, वरून गुंडाळा. पिशवीपेक्षा ओल जास्त धरतं."

मी बादली घेतली. दारापर्यंत गेलो तर मागून आवाज आला.

"झांबरे, एक बोलू का?"

मी थांबलो, पण वळलो नाही.

"त्या दिवशी निरोप माझ्याकडे आला साडेदहाला. तुमच्यापर्यंत यायला मला अर्धा तास लागला. चालायला दहाच मिनिटं लागतात. बाकीची वीस मिनिटं मी इथे ह्याच खुर्चीवर बसून होतो. कसं सांगू ते कळेना. मला अजून झोप लागत नाही बघा."

मला वाटत होतं की ह्या माणसाचा राग येतोय आपल्याला. तो राग शोधायला गेलो तर सापडला नाही. तो बिचारा चार महिने त्या वीस मिनिटांत अडकून पडला होता आणि मी त्याला लांबून झेंड्या दाखवत होतो.

"वीस मिनिटांनी काय झालं असतं, मास्तर?" मी म्हटलं. "काही झालं नसतं. झोपत जा."

बादलीची दुसरी बाजू धरून ते माझ्याबरोबर पाच वाघिणींपर्यंत आले. मग त्यांचा फोन वाजला आणि ते पळाले.

*

तीनच्या पुढे गाडी सुटली. सावलीने बाजू बदलली होती, मीही बदलली. बाटल्या गोणपाटात गुंडाळून डाव्या खिडकीत टांगल्या. बादलीभर पाणी होतं, त्यामुळे श्रीमंतासारखा हात सैल सोडला. दहाच मिनिटांत बाटल्या पुन्हा गार झाल्या.

आणि मग पूल आला. वळणावर इंजिनाने शिट्टी दिली. माझे पाय सवयीने दाराकडे वळले. साखळीला हात लागला. त्या क्षणी मी काय करणार होतो, ते मला आजही सांगता येत नाही.

पण बाटल्या खिडकीत टांगलेल्या होत्या आणि मी प्रॉमिस दिलं होतं. आधी त्या तर घ्याव्यात, असं म्हणून मी वळलो. घाईघाईने सुतळी सोडवली, एक बाटली ह्या हातात घेतली, एक त्या हातात, आणि पेटीला पाठ टेकून खाली बसलो. डबा थरथरायला लागला. गाळे एकामागून एक धडधडत जात होते. मी दोन्ही मुठी आवळून त्या बाटल्या धरल्या. ओल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होती आणि मला एकदम रडू फुटलं. चार महिन्यांत मी रडलो नव्हतो, दहाव्यालाही नाही. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून मोठमोठ्याने रडलो. सिंधूला हाक मारली. पोराचं नावही ठेवलं नव्हतं, त्याला काय म्हणून हाक मारायची ते कळेना, तर "बाळा" म्हटलं. नाक गळत होतं, डोळे गळत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

पूल संपला तरी मी बराच वेळ तसाच बसून होतो. मग घड्याळ पाहिलं. पाणी मारायची वेळ झाली होती.

*

मनमाडला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. गांगुर्डेमामांचं घर स्टेशनामागे, टेकडीच्या पायथ्याला. दारात बाजेवर म्हातारा बसलेला, उघडाबंब, डोक्याला टॉवेल.

"मामा, भुसावळहून आलो. हिक्ससाहेबांनी—"

त्यांची नजर आधी बाटल्यांवर गेली आणि मग माझ्या तोंडावर खिळली.

"बस," ते म्हणाले. "नाव काय तुझं, पोरा?"

"मुरलीधर झांबरे."

त्यांनी एक बाटली घेतली, गालाला लावली. "थंड आहे की रे! मेहनत केलीस." तार सोडली, बूच फट्‌ करून उडालं, आणि त्यांनी स्टीलच्या दोन पेल्यांत ती ओतली. मी नको नको म्हणत होतो. "घे रे. पाप लागलं तर माझ्या नावावर," ते म्हणाले. मी घोट घेतला. कडू जहर. काडेचिराईतच होतं नक्की.

"लवकर प्या मामा," मी म्हटलं. "दुसरी गरम झाली तर फुटेल."

गांगुर्डेमामा हसायला लागले. हसता हसता खोकला लागला.

"फुटतेय कसली! अरे, हिक्सच्या बीअरमध्ये गॅस आहेच कुठे एवढा? आठ दिवस उन्हात ठेव, काही होत नाही तिला. फार तर आंबेल."

"पण ते तर म्हणाले, दर वीस मिनिटांनी—"

"म्हणणारच." ते उठले, आत गेले आणि खुंटीवरून काही तरी काढून आणलं. पांढऱ्या ड्रिल कापडाच्या दोन पिशव्या, पिवळट पडलेल्या, सुतळीसकट. पँटचे कापलेले पाय. "त्रेपन्न साल. माझ्या दोन्ही पोरी एका आठवड्यात पटकीने गेल्या. मी तेव्हा मनमाड-इगतपुरी करायचो. हिक्सने मला इगतपुरीच्या एका म्हाताऱ्याकडे पाठवलं होतं, ह्याच पिशव्या घेऊन. मीपण इगतपुरी येईपर्यंत पाणीच मारत होतो. वेड्यासारखा."

मी पेला खाली ठेवला.

"त्यांना कसं कळलं?" मी विचारलं. "माझं?"

"गँगमनने पाहिलं. पुलाखाली दगड बसवत होता. दोनदा पाहिलं त्याने, गार्ड पायरीवर उभा आहे म्हणून. त्याने मुकादमाला सांगितलं. रेल्वेत काय लपतं का? हिक्सच्या कानावर गेलं, त्याचं पत्र मला आलं. पुलावर बाटल्या हातात धर म्हणाला असेल ना?"

"हो. खाली बसून."

त्यांनी दुसरी बाटली उचलून माझ्यापुढे धरली. तिची पिशवी अजून ओली होती.

"मी एकटा पिणारा माणूस. डॉक्टरने बीअरपण बंद केलीय. हे हिक्सला माहीत नाही का? मग बाटल्या दोन कशाला पाठवतो, सांग बरं."

मी ती हातात घेतली.

"एकच दिली असती," गांगुर्डेमामा म्हणाले, "तर तुझा एक हात मोकळा राहिला असता."

*

परतीच्या गाडीने दुसऱ्या दिवशी भुसावळला आलो. पूल आला तेव्हा दोन रिकाम्या बाटल्या हातांत धरून खाली बसलो. रिकाम्या बाटल्या आपटून फुटतात, अशी स्वतःची समजूत घालून घेतली. वहिनींकडून किल्ली घेतली. तुळशीला त्यांनी पाणी घातलं होतं.

हिक्ससाहेब ओट्यावर बार्ली निवडत बसले होते. मी बाटल्या पुढे ठेवल्या. त्यांनी त्या एकेक करून उजेडात धरल्या, कुठे टवका उडालाय का ते पाहिलं.

"थंड होता?"

"होती, साहेब."

"पुलावर?"

"दोन्ही हातांत धरल्या होत्या."

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा बार्लीत बोटं घातली. मला सगळं कळलंय, हे मी त्यांना सांगणार होतो. पाया पडावं असंही वाटत होतं. पण त्यांनी वर पाहिलंच नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

"अजून दहा बाटल्या आहेत," ते खाली बघतच म्हणाले. "पुढच्या मंगळवारी नेशील? पण पाणी वेळेवर मारायचा. नायतर फुटतो."

"नेईन की," मी म्हटलं.

उन्हाळा संपेपर्यंत, दोन-दोन करून, मी बाराच्या बारा बाटल्या मनमाडला पोचवल्या. एकही फुटली नाही.